हिब्रूतला ‘अता’ मराठीत तू की तुम्ही? दोन देशांत घडणाऱ्या कादंबरीबद्दल

एका लेखिकेने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: “माझ्या कादंबरीतलं बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातलं, कुटुंब अलिबागजवळच्या नवगावातून इस्रायलमधल्या दिमोनाला जातं. साठेक वर्षांनी त्यातला धाकटा मुलगा, आता म्हातारा झालेला, नवगावला परत येतो. मी स्वतः ज्यू नाही. इस्रायलला एकदाच, आठ दिवस गेले आहे. हिब्रू संवाद मराठीत कसे लिहू? परके शब्द वाचकाला किती समजावून सांगू? आणि मुळात हे लिहिण्याचा मला हक्क आहे का?”

हक्काकडे नंतर येते. आधी संवाद, कारण अशी कादंबरी तरते ती संवादांवर आणि बुडते तीही तिथेच.

हिब्रूत तू आणि तुम्ही असा भेद नाही. पुरुषाला ‘अता’, बाईला ‘अत’. मग समोर शेजारचं पोर असो, गिरणीचा मॅनेजर असो की पंतप्रधान. मराठीत मात्र तोंड उघडलं की समोरच्याला कुठल्या पायरीवर बसवलंय ते क्रियापद सांगून टाकतं. म्हणजे हिब्रूतलं प्रत्येक वाक्य मराठीत आणताना तुम्हाला एक निर्णय घ्यावा लागणार, जो मूळ बोलणाऱ्याने घेतलेलाच नाही. सीमा ओलांडणाऱ्या लेखनातली खरी मेहनत मला इथे दिसते. वाळवंटाची वर्णनं कुणीही मिळवू शकतो.

पंधरा वर्षांपूर्वी याच समाजावर मी एक दीर्घकथा लिहिली. पहिल्या खर्ड्यात सगळे हिब्रू संवाद ‘तुम्ही’त घातले, कारण मोठ्यांशी कुणी अरेतुरे करतंय हे माझ्या हाताला लिहवेना. परिणाम असा, की दिमोनातली माणसं गिरगावातल्या दिवाणखान्यात बसल्यासारखी बोलू लागली. दुसऱ्या खर्ड्यात सगळीकडे ‘तू’ केलं, तर सोळा वर्षांचा साधा, प्रेमळ नातू उर्मट वाटायला लागला. तिसऱ्या खर्ड्याआधी मी एक वही केली. पात्रांच्या प्रत्येक जोडीला एक पान. हे दोघं एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलतात, त्या भाषेत काय म्हणतात, आणि मराठीत मी काय लिहिणार. आजी-नातू या पानावर अडचण आलीच नाही, कारण मराठी घरातही आजीला ‘तू’च म्हणतात. अडचण होती आजोबांची आणि आजोबांच्या गिरणीची.

दिमोना वसलं १९५५ मध्ये, आणि पुढे तिथे कापडगिरणी निघाली. मुंबईच्या गिरण्यांमध्ये काम केलेल्या माणसाला साचे ओळखीचे, बोलणं अनोळखी. त्या वहीतून माझ्या कथेत हा तुकडा आला:

मॅनेजर बावीस वर्षांचा. “शमुवेल, तू उद्या रात्रपाळीला ये,” असं म्हणून तो पुढे गेलासुद्धा. अलिबागला शमुवेलच्या बापाला मामलेदार अहोजाहो करायचा. शमुवेलने पुसायची चिंधी दुसऱ्या हातात घेतली. “येतो, अदोनी,” तो म्हणाला. पलीकडच्या साच्यावरची मोरोक्कोची बाई हसली. त्या खात्यात मॅनेजरला अदोनी म्हणणारा तो एकटाच होता.

‘अदोनी’ म्हणजे साधारण ‘महाशय’. त्याचा अर्थ मी कथेत दिला नाही आणि कुणी विचारलाही नाही. वाचकाला एवढं कळतं, की या माणसाला ‘तुम्ही’ म्हणायचंय आणि त्यासाठी त्याच्या हातात शब्द नाही, म्हणून तो वाक्याच्या शेवटी काहीतरी जोडतोय. ‘तू’ला तुमच्या पानावर वजन येऊ द्या. ते गुळगुळीत करून टाकू नका. आणि एखादी जोडी ‘तू’वरून ‘तुम्ही’वर किंवा उलट गेली, तर तो प्रसंग समजा. तो नकळत घडता कामा नये.

नात्यांच्या शब्दांचंही हेच. हिब्रूत काका आणि मामा दोघेही ‘दोद’, आत्या आणि मावशी दोघीही ‘दोदा’. तिकडे जन्मलेल्या पिढीला आत्या-मावशीतला फरक भाषेतून मिळत नाही. तुमच्या निवेदकाने मात्र सवयीने “त्याची मावशी” असं लिहिलं, तर तो नातवाच्या डोक्यातून न बघता पुण्यातून बघतोय. माझा तोडगा असा: आजीच्या बाजूने चाललेल्या प्रकरणात मावशी, नातवाच्या बाजूने चाललेल्यात दोदा रिव्का. माणूस एकच, शब्द दोन. वाचक दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला जुळवून घेतो, आणि त्या जुळवण्यातच त्याला दोन पिढ्यांतलं अंतर जाणवतं.

आता एक गोष्ट, जी इंग्रजी पुस्तकं वाचून तयारी करणाऱ्यांच्या हमखास हातून निसटते. हिब्रू क्रियापदाला मराठीसारखंच लिंग असतं. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ तिथेही वेगळं: ‘अनी होलेख’, ‘अनी होलेखेत’. इंग्रजीत हे दिसतच नाही. त्यामुळे मनात इंग्रजीत रचलेला संवाद मराठीत उतरवला की दोन सख्ख्या गोष्टींच्या मध्ये एक भिंत उभी राहते. फोनवर बोलणाऱ्या मुलाच्या तोंडचं एक क्रियापद ऐकून आईला कळतं, की पलीकडे मुलगी आहे. हा प्रसंग हिब्रूत घडतो, मराठीत घडतो, इंग्रजीत घडत नाही. अशा जागा शोधा, तुमच्या भाषेचा तिथे थेट उपयोग आहे.

यावरूनच मला मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट सांगते. इस्रायलमधल्या अश्दोदच्या एका घरात पंचविशीतला एक दणकट मुलगा, सैन्यातली नोकरी करून आलेला, मला निरोप देताना म्हणाला, “मी जाते हां, उशीर झाला.” त्याने मराठी फक्त आजीच्या तोंडून ऐकली होती. ‘मी जाते, मी येते, मी बसते’, सगळं आजीचं. हिब्रूत त्याला बाई-पुरुष उत्तम कळतं, पण मराठी त्याच्याकडे अख्ख्या वाक्यांनी आली होती, आजीच्या आवाजासकट. मी तेव्हा ते दुरुस्त केलं नाही. त्या एका ‘जाते’मध्ये जे आहे, ते ‘मुळांपासून तुटलेली पिढी’ वगैरे लिहून येणार नाही.

आजीची मराठी कशी असेल हाही प्रश्न आहे. बाहेर गेलेल्या माणसाची भाषा तो गेला त्या वर्षी थांबते. १९६३ मध्ये गेलेल्या बाईच्या तोंडी इस्पितळ, आगबोट, बोलपट हे शब्द जिवंत असतात. आज अलिबागच्या एसटी स्टँडवर ऐकू येणारे निम्मे शब्द तिला माहीत नसतात. उलट, जी वस्तू तिने आयुष्यात पहिल्यांदा तिकडे पाहिली, तिचं नाव ती हिब्रूच सांगते. “सकाळी कुपत होलिमला गेले, तोर केवढा मोठा.” कुपत होलिम म्हणजे आरोग्यनिधीचा दवाखाना, तोर म्हणजे रांग, नंबर. वाक्याचा सांगाडा रायगडचा, नामं दिमोनाच्या नेगेव वाळवंटाची. वाटण, पाटा, शेवगा, चुलत-मावस यांत मात्र एकही हिब्रू शब्द येणार नाही. कुठला शब्द कुठल्या भाषेत, याला नियम लागतो तो हाच: ती गोष्ट पहिल्यांदा कुठे भेटली? मनाला येईल तिथे ‘शालोम’ पेरलेले संवाद वाचले की लेखक अजून विमानतळावरच उभा आहे हे समजतं.

नावांची काळजी घ्या. आपण नावं रोमन लिपीतून उचलतो आणि ‘ch’चा ‘च’ करून बसतो. माझ्या ओळखीच्या एका लेखकाने हाईमचा ‘चैम’ केला होता, अख्ख्या पुस्तकात. राहेलची रेचल करू नका. मराठी बायबलने राहेल, रिबका, याकोब, दाविद ही रूपं केव्हाच रुळवली आहेत, आणि आजीच्या पिढीला तीच जवळची. नातवाच्या पिढीत रिबकाची रिव्का होते. आडनावं तर तुमच्या हातातला खजिना आहेत: पेणकर, रोहेकर, नवगावकर, केहिमकर, चेऊलकर, झिराडकर. दिमोनाच्या दारावर हिब्रू अक्षरांत लिहिलेलं ‘पेणकर’ ज्या क्षणी तुमचा नायक वाचतो, त्या क्षणी त्या अक्षरांत ‘ण’ नसतो. हिब्रूत ट, ड, ण, ळ नाहीत. एका घरी हिब्रू अक्षरांत उतरवून ठेवलेली मराठी अंगाई मी पाहिली आहे. बाळाचं ‘बाल’ आणि डोळ्यांचं ‘दोले’ झालं होतं, आणि आई तशीच गात होती.

परक्या शब्दांचा अर्थ किती द्यायचा, हा तुमचा दुसरा प्रश्न. माझ्या अनुभवात खरा धोका अनोळखी शब्दांचा नसतो, ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचा असतो. ‘मलिदा’ घ्या. मराठी वाचकाला मलिदा म्हटल्यावर कंत्राटातला मलिदा आठवतो. बेने इस्रायली घरात मलिदा म्हणजे एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नावाने केलेला विधी: मोठ्या तबकात भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलदोडा, सुकामेवा, भोवती फळं, मग हिब्रू प्रार्थना, मग प्रत्येकाच्या हातावर थोडं थोडं. लग्न ठरलं, नवस फेडला, नवं घर घेतलं, की मलिदा. इथे तळटीप देऊन भागत नाही. आधी वाचकाच्या नाकाशी वेलदोडा जाऊ द्या, ओल्या पोह्यांवर खोबरं पडू द्या, आणि शब्द त्यानंतर येऊ द्या. म्हणजे जुना अर्थ आपोआप बाजूला सरकतो.

सणांच्या नावांनी तर मी हरखून गेले होते. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला. तो छापला गेला थेट १९३७ मध्ये, तेल अवीवला. त्यात जुनी मराठी नावं आहेत. ज्यू नववर्ष रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा दिवस योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून घ्यायची. जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं त्या दुःखाचा उपास म्हणजे बिरड्याचा सण, कारण तो सुटायचा वालाच्या बिरड्यावर. दोन हजार वर्षांपूर्वीची राख आणि रायगडचे सोललेले वाल, एका शब्दात. पण सांभाळून वापरा. ही नावं जुन्या पिढ्यांची. तुमच्या कथेतली आजी ती स्वतः रोज वापरत असेलच असं नाही. ‘माझी आजी याला बिरड्याचा सण म्हणायची’ असं ती म्हणू शकेल.

जेवणात माझ्या हातून झालेली चूक अजून टोचते. त्या दीर्घकथेत आजी शुक्रवारी दुपारी मटण दह्यात मुरवत ठेवते असं मी लिहिलं, कारण माझ्या घरी तसंच करतात. छापून आल्यावर इस्रायलमधल्या लोदहून एका वाचक बाईंचा फोन आला. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, “अहो, मांस आणि दूधदुभतं आम्ही एकत्र करत नाही. म्हणून तर आमच्याकडे नारळाचं दूध.” कोकणाने त्यांच्या नियमाला दिलेलं उत्तर माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्यात माझं दही ओतलं होतं. बांगडा चालतो, कोळंबी आणि खेकडे चालत नाहीत, हे मला पाठ होतं. चुकले ते सवयीने हात चालला तिथे. तेव्हापासून जिथे मी काहीही न तपासता सहज लिहून जाते, त्या ओळींवर पेन्सिलीची खूण करते आणि तेवढ्याच कुणाला तरी दाखवते.

वेळेचंही असंच. त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, रविवारी शाळा असते, आणि त्यांच्या पंचांगात आपल्या अधिकमासासारखा जादा महिना येतो, एकोणीस वर्षांत सात वेळा. पाऊस हिवाळ्यात पडतो, तोही नेगेवमध्ये अगदी थोडा. दिमोनातला जून कोरडा ठणठणीत असतो. मृगाची वाट बघणारं शरीर तिथे पहिली दहा वर्षं काय करत असेल, याचा विचार करा.

आता वर्ष. तुम्ही कुटुंब नक्की कधी गेलं ते लिहिलेलं नाही, आणि त्यावर बाकी सगळं उभं राहणार आहे. १९५० मध्ये गेले असतील तर दिमोना अस्तित्वातच नाही. मग तंबू आणि पत्र्याच्या खोल्यांच्या संक्रमण छावणीतून त्यांना जावं लागेल. १९५१ मध्ये नेगेवमधल्या बेर्शेवा शहरात काही बेने इस्रायलींनी कामाच्या आणि वागणुकीच्या तक्रारींवरून बसून संप केला, परत पाठवा म्हणाले, आणि १९५२ मध्ये त्यातल्या काहींना विमानाने भारतात आणलं गेलं. १९६३ मध्ये गेले असतील तर ते थेट लग्नाच्या वादात उतरतात. त्याच्या आदल्या वर्षी तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, असा आदेश काढला होता, की बेने इस्रायली वधू-वराचं लग्न दुसऱ्या समाजात लावण्याआधी त्यांच्या आई-आजीपर्यंतची वंशावळ तपासावी. दोन वर्षं निदर्शनं झाली, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये लोक ठिय्या देऊन बसले, आणि ऑगस्टमध्ये पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने व संसदेने स्पष्ट केलं की हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत. तुमच्या कथेत त्या काळात लग्नाच्या वयाची एक मुलगी असेल, तर हा इतिहास पार्श्वभूमी राहत नाही, तिच्या ताटात येऊन पडतो. मात्र कुटुंबाला नुसतं पीडित करू नका. कोकणात याच समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन गट होते, आणि त्यांच्यात सोयरिक होत नसे. वंशावळ तपासण्याची सवय तुमच्या आजीला अगदीच नवी नव्हती. हे तिला आठवलं पाहिजे, आणि आठवल्याचं तिला आवडता कामा नये.

आणखी एक, अवघड पण टाळता न येणारं. कुटुंबाला लोद किंवा रामला इथे घर मिळालं असं दाखवणार असाल, तर ते घर आधी कुणाचं होतं ते तुम्हाला ठाऊक हवं. जुलै १९४८ मध्ये त्या दोन्ही शहरांतल्या बहुतेक अरब रहिवाशांना बाहेर काढण्यात आलं, आणि पुढे आलेल्या स्थलांतरितांना त्यांच्या घरांत वसवलं गेलं. यावर भाषण नको. पण अंगणातलं लिंबाचं झाड कुणी लावलं हा प्रश्न कोकणातून आलेली बाई विचारल्याशिवाय राहील का? माझ्या मते नाही. झाड कुणाचं, माड कुणाचे, हे तिच्या रक्तात आहे.

‘परदेश’ आणि ‘मायदेश’ हे दोन शब्द खर्ड्यातून काढून बघा. या समाजात भारताला आई आणि इस्रायलला बाप म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिकडे जाण्याला हिब्रू शब्द आहे ‘अलिया’, म्हणजे वर चढणं. मॉरिशसला गिरमिटावर गेलेल्या मराठी माणसासाठी समुद्र ओलांडणं वेगळं होतं, या माणसांसाठी वेगळं. त्यांच्या प्रार्थनेत त्या जागेचं नाव आधीपासून होतं. निवेदकाने एका देशाला ‘परका’ म्हटलं की त्याने बाजू निवडली.

हक्काबद्दल माझं मत सरळ आहे. तुम्ही ज्यू नाही म्हणून लिहू नये, असं मी म्हणणार नाही. ही माणसं शतकानुशतकं तुमच्या भाषेत जगली, भांडली, कीर्तनं करत आली. मराठी लेखकाने त्यांच्याकडे पाठ फिरवली तर ते नुकसान मराठीचं आहे. पण खर्डा दोन जणांना दाखवा, एक तिकडे वाढलेली म्हातारी व्यक्ती आणि एक तिकडे जन्मलेली. “कसं वाटलं?” असं विचारू नका, त्यावर लोक चांगलंच सांगतात. “ही बाई हे वाक्य कुणाला म्हणेल?” असं विचारा. आणि कुणी घरचं सांगितलं तर ते वापरण्याआधी परवानगी घ्या. एका बाईंनी मला त्यांच्या मावशीची गोष्ट सांगितली होती, एका कथेत सहज बसेल अशी. मी विचारलं. त्या नाही म्हणाल्या. ती गोष्ट मी लिहिली नाही, वेष बदलूनही नाही.

शेवटच्या प्रकरणाबद्दल एक सूचना. तुमचा नायक नवगावच्या जुन्या दफनभूमीपाशी जातो आणि आजोबांसाठी कद्दीश, म्हणजे मृतांसाठी म्हणायची प्रार्थना, म्हणतो, असा तुमचा बेत दिसतो. कद्दीशला मिन्यान लागतं, दहा प्रौढ ज्यू पुरुष. १९४८ च्या सुमारास भारतात बेने इस्रायली वीस हजारांच्या आसपास होते, आणि अलिबाग परिसरात दहा माणसं गोळा करणं म्हणजे शेजारी हाक मारणं होतं. आज तिथे मोजकी घरं उरली आहेत. म्हणजे तो एकटा समुद्राकडे तोंड करून प्रार्थना म्हणतोय हे दृश्य तुम्हाला सुंदर वाटलं, तरी त्याला ते चालणार नाही. त्याला आधी अलिबागमध्ये दारं ठोठवावी लागतील, कदाचित पनवेलला फोन करावे लागतील. आणि दारातून त्याच्या वयाचा अनोळखी गृहस्थ बाहेर आला, की साठ वर्षं सगळ्या जगाला ‘अता’ म्हणत आलेला हा माणूस मराठीत तोंड उघडेल. ‘तू येतोस का?’ म्हणेल, की ‘तुम्ही याल का?’ ते प्रकरण लिहायला घ्याल तेव्हा या वाक्यापासून सुरुवात करा.